वजन भरून आल्यावर लपलेला आजार: ॲनोरेक्सिया ते बुलिमिया, एक प्रकरण अभ्यास

या लेखनाबद्दल

हे प्रकरण आधी ॲनोरेक्सिया आणि मग बुलिमिया, असे खाण्याचे दोन विकार झालेल्या एका मुलीचं आहे. ओळख पटेल असे कौटुंबिक तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि उपचारांमधले निर्णय तसेच ठेवले आहेत. लिहिण्याला तिची आणि आईवडिलांची संमती आहे. वजनाचे आणि कॅलरींचे आकडे मी मुद्दाम वगळले आहेत. खाण्याचे विकार असलेली माणसं असं लेखन वाचतात, त्यातल्या आकड्याशी स्वतःला ताडून बघतात आणि त्याच्याही खाली जायचं मनाशी ठरवतात. हे मी वारंवार पाहिलं आहे.

पहिल्या आजारपणाची माहिती जुन्या फाइलमधून आणि घरच्यांकडून मिळाली. दुसऱ्या टप्प्यात मी उपचार करणाऱ्या गटात मानसशास्त्रज्ञ म्हणून होते.

पार्श्वभूमी

पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा ती १६ वर्षांची होती. अभ्यासात पुढे, वह्या नीटनेटक्या, कुणाला उलट उत्तर न देणारी. सुरुवात साधीच होती: जरा आरोग्याला चांगलं खाऊ या. आधी गोड बंद झालं, मग तळलेलं, मग रात्रीचं जेवण. घरच्यांनी तिच्या निग्रहाचं कौतुकच केलं. सात-आठ महिन्यांत पाळी थांबली, हातपाय सतत गार पडू लागले, पाठीवर आणि दंडांवर बारीक मऊ लव आली. ताटातला घास ती पुन्हा पुन्हा लहान करायची आणि ताटातच फिरवत राहायची. त्याच दिवसांत घरातल्या सगळ्यांसाठी हौसेनं स्वयंपाकही करायची आणि कोण किती जेवलं याकडे बारकाईनं बघायची. आईला हे कोडं उलगडत नव्हतं. खाण्याचा इतका तिटकारा असलेली मुलगी दिवसभर खाण्याबद्दलच कशी बोलते?

शाळेत चक्कर येऊन पडल्यावर तिला डॉक्टरांकडे नेलं. नाडीचे ठोके मिनिटाला ४४ होते. किशोरवयात जागेपणी नाडी ५० च्या खाली गेली, तर रुग्णालयात दाखल करण्याचा विचार करावा असा दंडक आहे. तिला त्याच दिवशी दाखल केलं. निदान झालं ॲनोरेक्सिया नर्व्होसा, त्यातही खाणं तोडण्याचा प्रकार. म्हणजे बिंज (थोड्या वेळात अनावरपणे भरमसाट खाणं) नाही, उलट्या नाहीत, नुसती उपासमार.

पहिले दिवस नाजूक होते. बराच काळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदय, श्वास, मेंदू अडचणीत येतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून तिचा आहार टप्प्याटप्प्यानं वाढवला, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज तपासलं.

घरी सोडल्यावर कुटुंबाधारित उपचार सुरू झाले. ही पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झाली. सुरुवातीला जेवणाची सूत्रं आईवडिलांकडे असतात, मग ती हळूहळू मुलीकडे परत दिली जातात आणि शेवटी वयाला साजेशा इतर प्रश्नांकडे वळायचं असतं. वडिलांना हे पटायला वेळ लागला. त्यांना तो हट्ट वाटत होता. तेव्हाच्या डॉक्टरांनी त्यांना मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग सांगितला. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्या धडधाकट पुरुषांनाही खाण्याशिवाय काही सुचेना. ते पाककृती जमवू लागले, घास पुरवून पुरवून खाऊ लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. नंतर पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काहींना कितीतरी काळ पोट भरल्याची जाणीवच होईना. मुलीच्या वागण्यातलं बरंचसं हे उपासमारीचं फळ आहे, एवढं वडिलांच्या लक्षात आलं आणि घरातली भांडणं थांबली. प्रयोगाचा शेवटचा भाग मात्र पुढे कुणाच्या ध्यानात राहिला नाही.

जवळपास आठ महिन्यांनी ठरवलेलं वजन गाठलं गेलं. भेटी महिन्याऐवजी तीन महिन्यांनी होऊ लागल्या, रक्ततपासण्या बंद झाल्या आणि थोड्याच दिवसांत फाइल मिटली. नातेवाइकांपैकी जो भेटे तो म्हणे, “आता कशी छान भरलीस!”

समस्या

१८व्या वर्षी ती दात शिवशिवतात म्हणून डेंटिस्टकडे गेली. वरच्या पुढच्या दातांचं इनॅमल झिजलेलं होतं, तेही आतून, टाळूकडच्या बाजूनं. बाहेरची बाजू चांगली होती. जोरानं घासल्यामुळे दात झिजतात तेव्हा झीज बाहेरून दिसते. आतून झीज होते ती पोटातलं आम्ल वर येत असेल तर. डेंटिस्टनं मदतनिसाला काही निमित्तानं बाहेर पाठवलं आणि तिला विचारलं, “तुला खूप उलट्या होतात का? होत असतील तर मला सांग. मी ओरडणार नाही, घरी फोनही करणार नाही. पण दातांपेक्षा मला तुझ्या तब्येतीची काळजी वाटते.”

दीड वर्षात हा प्रश्न तिला कुणीही विचारला नव्हता. ती रडली आणि हो म्हणाली.

डेंटिस्टनं तिला दोन गोष्टी सांगितल्या. उलटीनंतर लगेच ब्रश करायचा नाही, कारण आम्लानं मऊ झालेलं इनॅमल त्यानं आणखी खरवडलं जातं. फक्त पाण्यानं चूळ भरायची. आणि त्याच आठवड्यात रक्ततपासणी करायची. तपासणीसाठी चिठ्ठी लिहून दिली. हे प्रकरण इथे वळलं, ते डेंटिस्टच्या त्या पाच मिनिटांमुळे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम लिटरला २.८ मिलीइक्विव्हॅलंट होतं. साधारण ३.५ ते ५.० असायला हवं. बायकार्बोनेट वाढलेलं, क्लोराइड कमी. ईसीजीतही बदल होते. वारंवार उलट्यांनी पोटातलं आम्ल आणि पाणी जातं, शरीर पाणी धरून ठेवायला अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढवतं आणि त्या खटाटोपात मूत्रपिंडं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणजे पोटॅशियम उलटीतून थोडं आणि लघवीतून जास्त जातं. ते इतकं खाली गेलं की हृदयाची लय कधीही बिघडू शकते. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो. ही मुलगी त्या दिवशी कॉलेज करून आली होती.

आमच्याकडे आल्यावर उलगडत गेलं ते असं. वजन ठरलेल्या आकड्याजवळ पोचत असतानाच तिला जेवणानंतर घाबरायला व्हायचं. आईवडिलांसमोर ताट संपवावं लागे, म्हणून पहिली उलटी तिनं तेव्हाच काढली. फाइल बंद झाल्यावर ती पुन्हा न्याहारी आणि दुपारचं जेवण चुकवू लागली. संध्याकाळी घरी कुणी नसताना जे हाताला लागेल ते खाल्लं जाई. ती म्हणाली, “मी खात नसते, दुसरंच कुणीतरी खात असतं. डबा रिकामा झाल्यावर कळतं.” मग नळ मोठा सोडून उलटी. मग उद्यापासून कडक राहायचं, अशी शपथ. आठवड्यातून आठ-दहा वेळा हे घडत होतं. उजव्या हाताच्या बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडले होते, दोन्ही कानांखालच्या लाळग्रंथी सुजल्या होत्या. चेहरा त्यामुळे गोल दिसे, आणि घरच्यांना ती तब्येत सुधारल्याची खूण वाटे.

निदानाचा पेच

गटात पहिली चर्चा नावावरून झाली. हा जुना ॲनोरेक्सियाच, फक्त बिंज आणि उलट्यांचा प्रकार, की आता बुलिमिया नर्व्होसा?

पुष्कळांची समजूत अशी असते की उपाशी राहतो त्याला ॲनोरेक्सिया आणि उलट्या काढतो त्याला बुलिमिया. ती चूक आहे. बिंज आणि उलट्या दोन्हीकडे असू शकतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या निदानाच्या नियमावलीनुसार भेद ठरतो तो मुख्यतः वजनावर. वजन वय, उंची आणि वाढीच्या मानानं लक्षणीय कमी असेल, तर बिंज असूनही निदान ॲनोरेक्सियाचंच राहतं. वजन तसं नसेल आणि बिंज व त्याची भरपाई करण्याचे उपाय तीन महिने आठवड्यातून निदान एकदा होत असतील, तर बुलिमिया. त्याआधीच्या आवृत्तीत ही अट आठवड्यातून दोनदा अशी होती, आणि ॲनोरेक्सियासाठी पाळी थांबलेली असणंही आवश्यक धरलं जाई. २०१३ मध्ये ती अट गेली. स्वतःची किंमत वजनावर आणि शरीराच्या आकारावर तोलणं दोन्हींत सारखंच असतं.

दोन्हींचं नातं जुनं आहे. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव १८७० च्या दशकात विल्यम गल यांनी रूढ केलं. बुलिमिया नर्व्होसाचं वर्णन त्यानंतर शंभरएक वर्षांनी, १९७९ मध्ये, जेराल्ड रसेल यांनी केलं, आणि तेही ॲनोरेक्सियाचा एक घातक अवतार म्हणून. बोटांवरचे ते घट्टे आजही त्यांच्याच नावानं ओळखले जातात. ॲनोरेक्सियाच्या रुग्णांपैकी बऱ्याच जणी काही वर्षांत बुलिमियाकडे सरकतात आणि त्यांतल्या काही परतही येतात. आमच्या मुलीचा प्रवास म्हणजे काही विलक्षण अपवाद नव्हता.

वजन तक्त्यानुसार ‘नॉर्मल’च्या खालच्या कडेवर होतं. पण लहानपणापासूनच्या वाढीच्या नोंदी मागवल्या, तेव्हा दिसलं की आजारापूर्वी ती कायम मधल्या रेषेच्या वरच्या बाजूला वाढत आली होती. तक्ता तिला निरोगी म्हणत होता, तिचं शरीर मात्र अजून उपाशीच होतं. पाळी अनियमित होती, थंडी वाजत होती. औपचारिक निदान आम्ही बुलिमिया नर्व्होसा लिहिलं. त्याखाली एक ओळ घातली: पूर्वी ॲनोरेक्सिया, स्वतःच्या पूर्वीच्या वजनाच्या मानानं अजून कमी, पुन्हा तिकडे वळण्याची शक्यता गृहीत धरावी. पुढचे बहुतेक निर्णय या ओळीच्या आधारानं झाले.

दोन आजारांमधला मला सर्वांत मोठा वाटणारा फरक तिच्याच बोलण्यात सापडला. १६व्या वर्षीच्या नोंदीत तिचं वाक्य होतं, “मला काही झालेलं नाही, तुम्ही सगळे मला जाड करायला बसलात.” आजार तिला आपला वाटत होता, त्याचा अभिमानही होता. १८व्या वर्षी ती म्हणाली, “मला माझी किळस येते. हे कुणाला कळलं तर मी तोंड दाखवू शकणार नाही.” १६व्या वर्षी ती बरं व्हायला तयार नव्हती, पण आजार अंगावर दिसत होता. आता तिला बरं व्हायचं होतं, पण शरमेपायी तोंड उघडत नव्हती. म्हणूनच ॲनोरेक्सियात घरचे आधी घाबरतात, आणि बुलिमिया एकाच छपराखाली वर्षानुवर्षं दडून राहू शकतो.

मनानं ती किती खचली आहे हेही पहिल्याच भेटीत स्पष्ट शब्दांत विचारलं. सकाळी जाग येऊच नये असं कधी कधी वाटतं, असं ती म्हणाली. काही करण्याचा बेत नव्हता. हा प्रश्न टाळून चालत नाही. २०११ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात मृत्यूचं प्रमाण समवयस्कांच्या तुलनेत ॲनोरेक्सियात पाचपटीहून जास्त आणि बुलिमियात सुमारे दुप्पट आढळलं. ॲनोरेक्सियातल्या दर पाच मृत्यूंमागे एक आत्महत्येचा होता.

पहिला निर्णय: घरी सांगायचं का

ती १८ पूर्ण होती. आईवडिलांना सांगू नका, ही तिची एकमेव अट. तिची गुप्तता मोडली तर ती पुन्हा येणार नाही, अशी धास्ती गटाला होती. दुसरीकडे पोटॅशियम २.८ होतं आणि तिला घरी एकटं सोडणं धोक्याचं होतं.

तीन वाटा होत्या. तिला विश्वासात न घेता फोन करणं; तिच्या इच्छेप्रमाणे गप्प राहून ओपीडीत उपचार करणं; किंवा त्याच दिवशी, तिच्याच तोंडून, आमच्या उपस्थितीत सांगणं. पहिल्या वाटेनं विश्वास गेला असता, दुसरीनं कदाचित जीव. तिसरी तिच्यासमोर ठेवली. ‘काय सांगायचं ते तू ठरव, पण दाखल होतेस हे त्यांना आज कळायला हवं,’ असं सांगितलं. काय बोलायचं ते तिनं कागदावर लिहून काढलं. फक्त तीन वाक्यं होती.

आई आली. मुलीनं वाचून दाखवलं. आई बराच वेळ गप्प होती, मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, म्हणजे माझ्यासमोर जेवत होती ते सगळं...” वाक्य पुरं झालं नाही. मुलगी म्हणाली, “आई, तुझ्या हातचं होतं म्हणून नाही गं.” त्या क्षणी दोघींच्या रडण्यात आम्ही मध्ये पडलो नाही. वडिलांना आईनं संध्याकाळी सांगितलं.

दुसरा निर्णय: दाखल करताना काय सांभाळायचं

बुलिमियाच्या बहुतेक रुग्णांना दाखल करावं लागत नाही. इथे ईसीजी आणि पोटॅशियममुळे करावं लागलं. पोटॅशियम दिलं, आणि त्याच्या जोडीला मॅग्नेशियमही; मॅग्नेशियम कमी राहिलं तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही.

सलाईन मुद्दाम संथ ठेवलं. उलट्या अचानक थांबल्या तरी वाढलेलं अल्डोस्टेरॉन लगेच उतरत नाही. शरीर पाणी आणि मीठ साठवत राहतं, पाय सुजतात, वजनाचा काटा दोन-चार दिवसांत वर जातो. लाळग्रंथीही उलट्या थांबल्यावर काही दिवस आणखी सुजतात. ज्या मुलीचा सगळा जीव वजनात अडकला आहे, तिला हे अनपेक्षितपणे दिसलं तर तिच्या मनातली भीती खरी ठरते: ‘उलटी थांबवली आणि जाड झाले.’ म्हणून दाखल होतानाच तिला सगळं समजावून सांगितलं. हे पाणी आहे, दोन-तीन आठवड्यांत उतरेल, तोवर चेहराही सुजलेला दिसेल. तिसऱ्या दिवशी पाय सुजले तेव्हा ती घाबरली, पण नर्सला म्हणाली, “हे सांगितलं होतं.” माझ्या मते साऱ्या मुक्कामातलं हे सर्वांत मोलाचं काम होतं, आणि ते फार ठिकाणी राहून जातं.

तिसरा निर्णय: उपचार कोणते

कुटुंबाधारित उपचार पुन्हा करावेत, अशी वडिलांची इच्छा होती. आधी त्या उपचारांनीच गुण आला होता. पण ती आता प्रौढ होती, आणि ताटावर पहारा बसवला की बुलिमियातलं लपवणं आणखी पक्कं होण्याची भीती होती. मार्गदर्शनाखाली स्वतः पुस्तक वापरून करायचा उपक्रम हा ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढांच्या बुलिमियासाठी पहिला पर्याय आहे. पण इतकं कमी पोटॅशियम आणि मागचा ॲनोरेक्सिया पाहता तेवढ्यावर विसंबणं आम्हाला सुरक्षित वाटलं नाही. नुसत्या गोळ्यांवर ठेवू नये, हेही त्याच सूचनांत आहे.

निवड झाली ती ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या, खाण्याच्या विकारांसाठीच्या संज्ञानात्मक वर्तन उपचारांची, म्हणजे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारांची. वजन फार कमी नसेल तर साधारण २० आठवड्यांत २० सत्रं, कमी असेल तर ४०. आम्ही २० धरून सुरुवात केली, पण ४० पर्यंत जाण्याची तयारी ठेवली. या पद्धतीचा एक गुण असा की ती निदानाच्या नावावर अडून बसत नाही. ॲनोरेक्सिया असो वा बुलिमिया, आजार कशाच्या जोरावर टिकून आहे ते शोधायचं.

औषधाबाबतही दोन आजारांत मोठं अंतर आहे. बुलिमियात फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध रोज ६० मिलिग्रॅमपर्यंत दिल्यास बिंज आणि उलट्या कमी होतात. नैराश्यात सहसा २० पासून सुरू करतात. ॲनोरेक्सियात वजन कमी असताना या गटातल्या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं दुसरं औषध मात्र दोन्हींत टाळायचं, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पोटॅशियम आणि ईसीजी पूर्ववत झाल्यावरच फ्लुओक्सेटिन सुरू केलं आणि डोस पायरी-पायरीनं वाढवला. २५ वर्षांखालच्या रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिले काही आठवडे दर भेटीत त्याची विचारपूस होत होती.

प्रत्यक्षात काय केलं

सर्वांत कामी आली ती नोंदवही. खाल्लं की लगेच लिहायचं: वेळ, जागा, काय, ते बिंज वाटलं का, आधी मनात काय चाललं होतं. कॅलरी लिहायच्या नाहीत. पहिल्या पंधरवड्याची पानं आम्ही टेबलावर ओळीनं मांडली आणि बिंजच्या नोंदींभोवती तिलाच पेन्सिलनं गोल करायला सांगितले. मग प्रत्येक गोलाच्या आधी शेवटचं खाणं किती वाजता होतं, ते विचारलं. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सात-आठ तासांचं अंतर होतं. ती त्या पानांकडे बघत राहिली. तोवर तिची खात्री होती की आपला निग्रह कमी पडतो, म्हणून बिंज होतं. पानांवर दिसत होतं ते उलटंच: निग्रह दिवसभर टिकत होता म्हणून संध्याकाळी बिंज होत होतं.

इथे मला मिनेसोटाच्या प्रयोगाचा तो विसरला गेलेला शेवट तिला सांगता आला. उपासमारीनंतर अनावर खाणं हे त्या तरुणांच्याही वाट्याला आलं होतं, आणि ते काही चारित्र्यानं कमकुवत नव्हते.

मग तीन जेवणं आणि मधली दोन-तीन छोटी खाणी, चार तासांहून जास्त खंड नाही, असं वेळापत्रक ठरलं. भूक लागली नाही तरी खायचं, बिंज झालं तरी पुढचं जेवण चुकवायचं नाही. दुसरी अट तिला फार जड गेली. दोन आठवडे तिनं वहीत खोटं लिहिलं आणि मग स्वतःच सांगितलं. वजन आठवड्यातून एकदा, माझ्यासोबत, आकडा बघून. घरचा काटा आईनं शेजारी देऊन टाकला. मनाई केलेल्या पदार्थांची यादी करून सोप्यापासून अवघडापर्यंत एकेक परत आणला.

आईवडिलांना काम दिलं ते वेगळं होतं. जेवणावर पहारा ठेवायचा नाही, बाथरूमच्या दाराशी उभं राहायचं नाही. जेवणानंतरचा तास मात्र कुणीतरी तिच्यासोबत काढायचा, तिनं सांगितलं तर. शरीराबद्दल कौतुकही करायचं नाही. ‘छान भरलीस’ हे वाक्य नातेवाइकांकडून पुन्हा येऊ नये म्हणून वडिलांनी स्वतः एकेकाला फोन केले. ज्या वडिलांना एकेकाळी हा हट्ट वाटत होता, त्यांनी हे केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

परिणाम

पोटॅशियम पहिल्या आठवड्यात सावरलं आणि महिनाभर दर आठवड्याला तपासलं. दहाव्या सत्राच्या सुमारास उलट्या आठवड्यातून एक-दोन वर आल्या. वजन आणखी थोडं वाढून तिच्या जुन्या वाढीच्या रेषेजवळ गेलं, आणि पाळी नियमित झाली. तो टप्पा तिच्यासाठी सर्वांत कठीण होता: बिंज कमी होत असताना वजन वाढणं तिला अन्यायाचं वाटत होतं. त्या काळात खाणं तोडण्याकडे तिचा कल पुन्हा दिसला, म्हणून सत्रं २० वर न थांबवता वाढवली.

परीक्षेच्या दिवसांत एकदा आठवडाभर सगळं परत आलं. या वेळी तिनं स्वतः फोन केला. रक्ततपासणी त्याच दिवशी झाली, पोटॅशियम ठीक होतं, वेळापत्रक पुन्हा धरलं.

शेवटच्या सत्रापर्यंत तीन महिने उलटी नव्हती. आरशासमोर दिवसातून अनेकदा पोट तपासण्याची सवय कमी झाली, गेली नाही. इनॅमल परत येत नाही. दातांवर डेंटिस्टनं फिलिंग केलं. हाडांची घनता वयाच्या मानानं किंचित कमी निघाली, ती पहिल्या आजारपणाची देणगी. फ्लुओक्सेटिन चालू ठेवलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला उपचार खोटा नव्हता; त्यानं तिचा जीव वाचवला. तो लवकर संपला. उद्दिष्टाचं वजन सर्वसाधारण तक्त्याच्या खालच्या टोकावरून ठरलं, तिच्या वाढीच्या नोंदींवरून नाही. पाळी परतली नसताना फाइल मिटवायला नको होती. कुटुंबाधारित उपचारांचे पहिले दोन टप्पे झाले आणि तिसरा, जिथे मुलगी स्वतःच्या भीतीबद्दल बोलते, तो राहिलाच.

वजन वाढत असताना ते कसं वाढतंय, हे कुणी विचारलं नाही. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये तयार झालेली स्कॉफ ही पाच प्रश्नांची चाचणी आहे. त्यातला पहिलाच प्रश्न, पोट नको इतकं भरल्यामुळे मुद्दाम उलटी काढता का, हा आहे; दोन किंवा अधिक होकार आले तर पुढे तपासायचं. ती दर भेटीत विचारायला दोन मिनिटं लागतात. पोटॅशियमची तपासणीही वजन भरल्यावर थांबली, जेव्हा खरं तर तिची जास्त गरज होती.

आमच्या टप्प्यातल्या एका निर्णयाबाबत गटात अजून मतभेद आहेत. घरच्यांना त्याच दिवशी सांगण्याचा आग्रह धरला, तो ती तयार झाली म्हणून जमला. ती नाही म्हणाली असती तर काय, याचं उत्तर तेव्हा लिहून ठेवलेलं नव्हतं. आता पहिल्याच भेटीत, रिपोर्ट यायच्या आधी, गुप्ततेची मर्यादा सांगितली जाते: तुझ्या जिवाला धोका दिसला तर आम्ही बोलू, आणि आधी तुला सांगून बोलू.

लहान भावाकडेही फार उशिरा लक्ष गेलं. घरात काय चाललंय हे तो वर्षानुवर्षं बघत होता. पाण्याच्या नळाचा आवाज त्याला माहीत होता, विचारायचं कुणाला हे माहीत नव्हतं. त्याच्यासाठी शेवटी दोन स्वतंत्र भेटी ठेवल्या.

तिच्या वहीच्या मागच्या पानावर आता पुन्हा घसरण सुरू झाल्याच्या खुणा लिहिलेल्या आहेत, तिच्याच अक्षरात: न्याहारी सलग दोन दिवस चुकली, जेवताना खोलीत एकटी जाऊन बसले, रोज वजन करावंसं वाटतंय, नळ मोठा सोडला. प्रत्येकीसमोर कुणाला सांगायचं त्याचं नाव आहे. पहिल्या दोन खुणांसमोर आई, तिसऱ्यासमोर मी, चौथ्यासमोर डॉक्टर आणि त्याच दिवशी रक्ततपासणी.